मूर्ती गेली, सिंहासन तसंच राहिलं

२६ जून २०२० रोजी ब्लॅकपिंक या दक्षिण कोरियाच्या समूहाच्या ‘हाऊ यू लाइक दॅट’ या गाण्याचा व्हिडिओ यूट्यूबवर आला. पहिल्या चोवीस तासांत तो ८ कोटी ६३ लाख वेळा पाहिला गेला आणि गिनीजने त्याची विक्रम म्हणून नोंद केली. टाळेबंदीचे दिवस होते, जगभरची तरुण मुलं घरात अडकलेली होती आणि वर्षभराहून अधिक काळ या चौघींचं स्वतःचं नवं गाणं आलेलं नव्हतं. जिसू, जेनी, रोझे आणि लिसा या चौघींच्या पुनरागमनाकडे डोळे लावून बसलेल्यांत भारतातले लाखो चाहतेही होते.

याच चाहत्यांपैकी काहींना एका दृश्यात गणपती दिसला. लिसाच्या रॅपच्या वेळी ती एका भव्य सोनेरी सिंहासनावर बसलेली आहे. भोवती नक्षीकाम, झगमगाट, अल्लाउद्दिनच्या गोष्टीतल्यासारखा दिवा. आणि सिंहासनाच्या पायथ्याशी, थेट जमिनीवर, गणपतीची मूर्ती. काही क्षणांचंच दृश्य. पण पॉपचे व्हिडिओ एकदा पाहून सोडून देण्यासाठी नसतात. चाहते ते थांबवून, मागे नेऊन, एकेक चौकट तपासत पाहतात. त्यामुळे ती मूर्ती दिसायला वेळ लागला नाही.

ट्विटरवर आणि इन्स्टाग्रामवर तक्रारींचा ओघ सुरू झाला. भारतातल्या आणि भारताबाहेरच्या भारतीय वंशाच्या चाहत्यांनी वायजी एंटरटेनमेंट या ब्लॅकपिंकच्या कंपनीला संदेश आणि ईमेल पाठवले. काही दिवसांतच व्हिडिओ बदलला. त्याच दुव्यावर, त्याच प्रेक्षकसंख्येसह, पण मूर्तीविना. जिथे गणपती होता तिथे आता काही नाही. सिंहासन, दिवा, सोनं, बाकी सगळं जागच्या जागी आहे.

बहुतेक बातम्यांनी हे प्रकरण इथेच संपवलं: चाहत्यांनी आवाज उठवला, कंपनीने ऐकलं, चूक सुधारली. मला हा शेवट मान्य नाही. मूर्ती पुसल्याने जी गोष्ट दुरुस्त झाली ती दुय्यम होती, आणि जी मुख्य होती तिला हातही लागला नाही. असं का म्हणतो ते सांगण्यासाठी हे प्रकरण जरा सावकाश उलगडायला हवं.

तक्रार नेमकी काय होती

चाहत्यांच्या संदेशांत दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळलेल्या होत्या.

पहिली श्रद्धेची. देवाची मूर्ती जमिनीवर ठेवत नाहीत. पाट, चौरंग, निदान एखादं वस्त्र तरी खाली असतं. मूर्तीजवळ पादत्राणं घालून वावरत नाहीत. आणि इथे एक कलाकार वर सिंहासनावर, देव खाली तिच्या पायांच्या पातळीवर. ज्यांच्या घरात रोज पूजा होते त्यांना हे खुपणं स्वाभाविक आहे. हे अतिसंवेदनशील लोक आहेत असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

दुसरी तक्रार अधिक खोल होती आणि ती अनेक मुलींनी फार नेमकेपणाने मांडली होती: आमच्या संस्कृतीतल्या वस्तू तुम्ही सजावट म्हणून वापरता. गाण्याचा आणि गणपतीचा काहीही संबंध नाही. गाणं पडून पुन्हा उभं राहण्याबद्दल आहे. कोणीतरी ‘पूर्वेकडचं काहीतरी गूढ, श्रीमंत’ असा सेट उभा करायचं ठरवलं आणि त्या भारलेल्या वातावरणासाठी ज्या वस्तू गोळा केल्या त्यांत एक मूर्ती आली. जमिनीऐवजी ती उंच चबुतऱ्यावर असती, समोर फुलं असती, तरीही ही दुसरी तक्रार तशीच उरली असती.

सार्वजनिक चर्चेत मात्र पहिलीने दुसरीला गिळून टाकलं. ‘भावना दुखावल्या’ ही बातमी लिहायला सोपी आहे आणि कंपनीला तिचं उत्तर देणंही सोपं आहे: वस्तू काढून टाका. कोणत्याही निर्मात्याला हा व्यवहार परवडतो. संगणकावर काही तासांचं काम, नवं चित्रीकरण नाही, कोणाला जबाबदार धरायचं नाही. दुसऱ्या तक्रारीला उत्तर द्यायचं तर तो सेट कसा सुचला, कोणी मंजूर केला, भारत आणि अरबस्तान एकाच खोलीत का कोंबले, याचा विचार करावा लागला असता.

हा सेट आला कुठून

त्या खोलीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. ती भारतातली नाही, कोरियातलीही नाही. अरबी कथेतला दिवा आणि हिंदू देव एकत्र असलेली खोली आशियात सापडत नाही. ती सापडते पाश्चात्त्य मनोरंजनाच्या कल्पनेतल्या आशियात. तिथे मोरोक्कोपासून जपानपर्यंतचा सगळा प्रदेश एकच मोठं वस्तुभांडार आहे. हवं ते उचलावं, हव्या त्या शेजारी ठेवावं.

पॉप संगीतात या सवयीचा इतिहास लांबलचक आहे. १९९०च्या दशकात अमेरिकन गायिकांच्या कपाळावर टिकल्या आणि हातांवर मेंदी आली. २००४ मध्ये ग्वेन स्टेफनीने चार जपानी वंशाच्या नर्तिकांना ‘हाराजुकू गर्ल्स’ म्हणून आपल्या मागे उभं केलं. त्या तिच्यासोबत सगळीकडे फिरायच्या, पण त्यांची ओळख गायिकेच्या शैलीचा एक भाग एवढीच राहिली. नोव्हेंबर २०१३ मध्ये केटी पेरीने अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सच्या मंचावर गेशाच्या, म्हणजे जपानी पारंपरिक कलावंतिणीच्या वेशात गाणं सादर केलं, आणि त्या वेशात जपानी किमोनो आणि चिनी पेहराव यांची सरमिसळ असल्याचं लोकांनी लगेच दाखवून दिलं. २०१६ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या एका व्हिडिओत वरळीचा कोळीवाडा, रंगपंचमीसारखी रंगांची उधळण, साधू आणि देवदेवतांच्या वेशातली मुलं एकामागून एक येतात. तो मुख्यतः मुंबईत चित्रित झाला होता आणि त्यात इथलेच लोक होते, तरी शहराचा अर्धाअधिक भाग असलेल्या कचेऱ्या, लोकल, इमारती त्यात जवळपास नाहीतच. जे डोळ्यांना परकं आणि रंगीत वाटेल तेवढंच वेचलं होतं.

कोरियन पॉपने आपली दृश्यभाषा घडवताना अमेरिकन पॉप व्हिडिओंकडून खूप काही घेतलं: संपादनाचा वेग, सेटची भव्यता, एका गाण्यात दहा पेहराव. त्याच सामानात ही ‘पूर्वेची खोली’ही आली असं मला वाटतं. म्हणजे एका आशियाई देशाने दुसऱ्या आशियाई देशाकडे पाहिलं, पण पाश्चात्त्य चष्म्यातून.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. सांस्कृतिक बळकावणुकीची कल्पना सत्तेवर उभी आहे: राज्य करणारा समाज आपल्या अंकित समाजाच्या खुणा उचलतो, त्यातून पैसा आणि प्रतिष्ठा मिळवतो, आणि त्या खुणा बाळगणाऱ्या मूळ माणसांना मात्र हिणवतो. कोरियाने भारतावर राज्य केलेलं नाही. कोरिया स्वतः १९१० ते १९४५ जपानच्या ताब्यात होता. मग इथे बळकावणूक कसली?

मला वाटतं, सत्ता फक्त वसाहतींच्या नकाशात शोधली तर ती इथे सापडणार नाही. ती पोहोचण्याच्या क्षमतेत आहे. एका दिवसात साडेआठ कोटींहून अधिक वेळा पाहिली जाणारी प्रतिमा तयार करण्याची ताकद ज्याच्याकडे आहे, तो गणपती म्हणजे काय हे अशा असंख्य मुलांना पहिल्यांदा सांगत असतो ज्यांनी हे नावही ऐकलेलं नाही. त्यांच्यासाठी तो सिंहासनाशेजारचा एक शोभेचा पुतळा ठरतो. ती समजूत दुरुस्त करायला इथल्या कोणाकडे तेवढा मोठा मंच नाही.

त्याच व्हिडिओतला हानबोक

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पुरावा त्याच व्हिडिओत, थोड्याच अंतरावर आहे, आणि मूर्तीच्या वादात त्याच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

गाण्याच्या शेवटच्या भागात चौघीजणी नव्या धाटणीच्या हानबोकमध्ये दिसतात. हानबोक हा कोरियाचा पारंपरिक पोशाख. यातले काही पेहराव दानहा या कोरियन नाममुद्रेच्या डिझाइनर किम दानहा यांचे होते. त्यांनी जोसोन राजवटीच्या काळात पुरुष घालत त्या ‘दोपो’ नावाच्या लांब अंगरख्याचा आणि ‘जोगोरी’ या आखूड वरच्या वस्त्राचा आधार घेतला. कापडावर पारंपरिक फिनिक्स पक्ष्याची नक्षी आली. पुरुषांचा अंगरखा आजच्या गायिकेने घालायचा, कापड आखूड करायचं, नृत्याला मोकळं करायचं, हे सगळे बदल धाडसी होते. कोरियातल्या परंपराप्रेमींना ते खटकणंही शक्य होतं. पण प्रत्येक बदलामागे माहिती होती. काय मोडतो आहोत हे मोडणाऱ्याला ठाऊक होतं.

परिणामही तसाच झाला. त्याच दिवशी अमेरिकेतल्या ‘द टुनाइट शो’वर चौघींनी हानबोकमध्येच गाणं सादर केलं. जगभरातल्या मुली हा पोशाख कोणता, नक्षीचा अर्थ काय, हे शोधू लागल्या. एका लहान व्यवसायाच्या दारात परदेशी मागणी येऊन उभी राहिली. डिझाइनरचं नाव वर्तमानपत्रांत आलं. कोरियन पॉपमध्ये हे सुटं उदाहरणही नव्हतं: महिनाभर आधीच बीटीएस या समूहाच्या शुगाने आगुस्त दी या नावाने काढलेल्या गाण्यात राजमिरवणुकीचं पारंपरिक संगीत आधुनिक तालावर आणलं होतं, आणि २०२२ मध्ये ब्लॅकपिंकच्याच दुसऱ्या एका व्हिडिओची सुरुवात जिसू गोमुंगो हे सहा तारांचं वाद्य छेडते तिथून होते.

आता ही दोन दृश्यं शेजारी ठेवा. एकाच कंपनीने, एकाच व्हिडिओसाठी, एकाच निर्मितीच्या काळात घेतलेले दोन निर्णय. हानबोकसाठी त्या कपड्याचा अभ्यास असलेली व्यक्ती शोधली गेली, तिचं काम वापरलं गेलं, तिला नाव मिळालं. गणपतीसाठी यातलं काहीच दिसत नाही. म्हणजे संस्कृती कशी हाताळायची हे त्या कंपनीला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. उत्तम माहीत होतं. दुसऱ्याच्या बाबतीत ते कष्ट घ्यावेसे वाटले नाहीत, एवढंच.

आणि कोरियन समाजाला ही वेदना परकी नाही. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये ‘शायनिंग निक्की’ या चिनी मोबाइल गेममध्ये हानबोक आला तेव्हा तो मुळात चिनीच असल्याचा दावा चिनी वापरकर्त्यांनी केला. कंपनीने तो पेहराव काढून टाकला आणि कोरियातली सेवाच बंद केली. कोरियात संताप उसळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंग हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात चीनच्या अल्पसंख्याक समाजांच्या प्रतिनिधींमध्ये हानबोक घातलेली एक स्त्री दिसली, तेव्हाही तेच झालं. आपल्या खुणा दुसऱ्याच्या मंचावर दुसऱ्याच्या सोयीने ठेवल्या गेल्या की काय वाटतं, हे कोरियन प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच गणपतीबद्दलची तक्रार नीट मांडली गेली असती तर ती तिथे पोहोचली असती, असं मला अजूनही वाटतं.

ज्यांनी तक्रार केली त्यांचं काय झालं

तक्रार करणारे बहुतेक जण विरोधक नव्हते, चाहते होते. या गाण्यासाठी रात्र जागलेली मुलं होती. त्यांना दोन्हीकडून मार बसला. समूहाच्या इतर देशांतल्या चाहत्यांपैकी काहींनी त्यांना गप्प बसायला सांगितलं: विक्रम होत असताना वाद कशाला, एका मूर्तीचं एवढं काय, तुमच्याच देशात अमुक होतं त्याचं काय. काहींच्या भाषेत भारतीयांविषयीचा उघड तिरस्कार होता. आणि इकडे, कोरियन गाणी ऐकणाऱ्या मुलामुलींची एरवी थट्टा करणाऱ्यांनी ‘बघा, हेच तुमचे आवडते’ असं हिणवलं. ज्या पिढीने सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत स्पष्टपणे हा प्रश्न विचारला, तिला त्याचं श्रेय फारसं मिळालं नाही.

त्याच काळातली दुसरी एक घटना इथे तुलनेला घ्यावी लागते. नोराझो या कोरियन जोडीचं २०१० मधलं ‘करी’ नावाचं गाणं भारताच्या ठोकळेबाज चित्रांची माळ आहे: करी, योग, ताजमहाल, ‘शांती शांती’. जुलै २०२० मध्ये दुसऱ्या एका समूहाच्या सदस्यांनी एका थेट प्रक्षेपणात त्याच्या ओळी गायल्या आणि दक्षिण आशियाई चाहत्यांनी ते गाणं पुन्हा उकरून काढलं. तेव्हा नोराझोच्या जो बिन यांनी जाहीर माफी मागितली. दहा वर्षांपूर्वीच्या गाण्यासाठी एका माणसाने स्वतःच्या नावाने माफी मागितली, हे मला मूर्ती पुसण्यापेक्षा मोलाचं वाटतं. चूक काय होती हे त्यात बोललं तरी गेलं.

ब्लॅकपिंकच्याच कंपनीनेही वेगळी वाट धरल्याचं उदाहरण लवकरच आलं. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘लव्हसिक गर्ल्स’च्या व्हिडिओत जेनी काही सेकंद तंग, आखूड कपड्यांतल्या परिचारिकेच्या वेशात दिसली. कोरियातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनेने जाहीर आक्षेप घेतला: खऱ्या परिचारिकांना रोज लैंगिक छळाला तोंड द्यावं लागतं, आणि हा वेश त्या ठोकळेबाज चित्राला खतपाणी घालतो. कंपनीने आधी आपली बाजू मांडली, मग दृश्य काढत असल्याचं जाहीर केलं आणि परिचारिकांविषयी आदर व्यक्त केला. दृश्य इथेही गेलं. पण त्याआधी काही दिवस कोरियात परिचारिकांच्या कामाविषयी, त्यांच्या प्रतिमेविषयी उघड चर्चा झाली. ज्यांना आक्षेप होता त्यांची संघटना होती, ती त्याच देशात होती, तिचं पत्र वर्तमानपत्रं छापत होती. भारतीय चाहत्यांकडे यातलं काही नव्हतं.

गणपती कोणाचा

वादाच्या वेळी काहींनी असाही मुद्दा काढला की लिसा थाई आहे, आणि थायलंडमध्ये गणपती पूजला जातो. हे खरं आहे आणि ते हलकं घेऊ नये. थायलंडमध्ये तो फ्रा फिकानेत. कलांचा देव म्हणून त्याचं तिथे विशेष स्थान आहे, आणि थायलंडच्या ललित कला विभागाच्या बोधचिन्हावर गणेशच आहे. इंडोनेशियासारख्या मुस्लिमबहुल देशाने १९९८ मध्ये काढलेल्या वीस हजार रुपिया या तिथल्या चलनाच्या नोटेवर गणेश होता. जपानमध्ये तो कांगितेन झाला. टोकियोच्या असाकुसा भागातल्या मात्सुचियामा शोदेन मंदिरात त्याला पांढरा मुळा वाहतात.

म्हणजे गणपती फक्त भारताचा, किंवा फक्त आपला, हा दावा टिकत नाही. शतकानुशतकं तो सीमा ओलांडत आलेला आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं रूप बदललेलं आहे. मला याचा आनंद वाटतो. पण या प्रत्येक ठिकाणी त्याला कोणीतरी ओळखतं. मुळा वाहणाऱ्याला तो का वाहायचा हे माहीत आहे. त्या सेटवर जी मूर्ती होती ती यातल्या कोणत्याच परंपरेतून आलेली नव्हती. गणपतीऐवजी तिथे दुसरी कुठलीही ‘पूर्वेकडची’ मूर्ती चालली असती. लिसाचं थाई असणं हे त्या दृश्याचं समर्थन होऊ शकत नाही. उलट, तिला कोणी विचारलं असतं तर मूर्ती कुठे ठेवावी हे तिनेच सांगितलं असतं, एवढं नक्की.

कायद्याकडे जायचं तर तिथे हाती काही लागत नाही. त्या वेळच्या भारतीय दंड विधानातलं कलम २९५अ हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या धार्मिक अपमानासाठी होतं. इथे असा हेतू कोणी दाखवू शकलं नसतं, आणि दाखवायचा प्रयत्नही करू नये. स्वामित्वहक्काला व्यक्ती लागते, मुदत लागते. पारंपरिक सांस्कृतिक अभिव्यक्तींना आंतरराष्ट्रीय संरक्षण कसं द्यावं यावर जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची समिती २००१पासून बसते आहे. मे २०२४ मध्ये एक करार झाला, पण तो जनुकीय संसाधनं आणि त्यांच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानापुरता. देवमूर्ती, पोशाख, नृत्य अजून बाहेरच आहेत. म्हणजे लोकांच्या बोलण्याशिवाय दुसरं साधन नाही, आणि म्हणूनच लोक काय मागतात हे महत्त्वाचं ठरतं.

आपल्या घरातला सेट

हे प्रकरण अभ्यासायचं तर आपल्या पडद्याकडेही पाहावं लागेल. १९५८ च्या ‘हावडा ब्रिज’मध्ये हेलन ‘मेरा नाम चिन चिन चू’ या गाण्यावर चिनी वेशात नाचली. गीता दत्तचा तो आवाज, ओ. पी. नय्यरची ती चाल आजही कोणाला आवडत नाही असं नाही; मलाही आवडते. त्या गाण्याच्या वेळी कलकत्त्यात खरेखुरे चिनी भारतीय राहत होते: चर्मकामगार, सुतार, दंतवैद्य, पिढ्यान्‌पिढ्या तिथले. चारच वर्षांनी, १९६२ च्या युद्धात, आसाम आणि बंगालमधल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांत लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती. कित्येकांची घरंदारं, धंदे गेले ते परत मिळाले नाहीत. गाणं मात्र लोकांच्या ओठांवर तसंच राहिलं. वेश आवडतो, माणसं नकोत: बळकावणुकीची याहून ठळक व्याख्या मला माहीत नाही.

आणि ही फक्त जुनी गोष्ट नाही. मार्च २०२० मध्ये, म्हणजे ब्लॅकपिंकच्या व्हिडिओच्या तीन महिने आधी, ईशान्य भारतातल्या लोकांना चेहऱ्यावरून ‘कोरोना’ म्हणून छळणं इतकं वाढलं की केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना सूचना द्यावी लागली. हे सोसणाऱ्यांत तिथले कोरियन पॉपचे चाहतेही असणारच. मणिपूर, नागालँड, मिझोराममध्ये कोरियन गाणी आणि मालिका उरलेल्या भारताच्या किती तरी आधी पोहोचल्या होत्या. गणपतीच्या वादात ‘भारतीय चाहते’ असं एकसंध बोललं गेलं तेव्हा या मुलांचा अनुभव त्यात कुठेच नव्हता. त्यांच्यासाठी प्रश्न फक्त सोलच्या स्टुडिओत काय ठेवलं जातं एवढाच नव्हता.

याचा अर्थ कोरियन कंपनीची चूक लहान होते, असं नाही. आपली आधीची चूक दाखवून दुसऱ्याची रद्द होत नाही. पण आपण काय मागतो यात फरक पडतो. ‘आमच्या देवाला हात लावू नका’ एवढंच मागितलं तर मूर्ती पुसली जाते आणि निर्माते एवढंच शिकतात की भारतीय वस्तूंपासून लांब राहावं, त्रास होतो. खोली तशीच राहते. पुढच्या वेळी तिच्यात दुसऱ्या कोणाच्या तरी देवाची, पोशाखाची, लिपीची भर पडते, ज्यांच्याकडे ईमेल पाठवणारे लाखो चाहते नसतात.

सव्वा वर्षानंतर

सप्टेंबर २०२१ मध्ये लिसाचं पहिलं एकल गाणं ‘ललिसा’ आलं. कंपनी तीच, भव्यता तीच, सोनं तेच. व्हिडिओच्या उत्तरार्धात लिसा थाई पोशाखात, डोक्यावर उंच सोनेरी शिरोभूषण घालून नाचते. आपल्याला त्यात काहीतरी थाई हवं होतं, हे तिने स्वतःच सांगितलं होतं, आणि संगीतातही तसा तुकडा गुंफला गेला. मागचा सेट फनोम रुंगच्या प्राचीन मंदिराच्या धर्तीवर आहे. हे मंदिर तिच्याच बुरीराम प्रांतात, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर आहे. थायलंडमध्ये या दृश्याचं जोरदार स्वागत झालं. देशाच्या पंतप्रधानांनी कौतुक केलं.

फनोम रुंग हे ख्मेर काळातलं शिवमंदिर आहे. सव्वा वर्षापूर्वी ज्या कंपनीच्या सेटवर शिवाचा मुलगा सिंहासनाच्या पायाशी पडून होता, तिनेच शिवमंदिराच्या छायेत नृत्य उभं केलं, आणि हे सगळं फिकं, बेचव, घाबरून केल्यासारखं झालं नाही. उलट व्हिडिओतला तोच भाग लोकांच्या सर्वांत जास्त लक्षात राहिला. काळजी घेतली तर मजा जाते, हा निर्मात्यांचा नेहमीचा बचाव इथे उघडा पडतो.

फरक एवढाच होता की या वेळी ज्या संस्कृतीतून वस्तू येत होत्या तिच्यातली व्यक्ती निर्णयाच्या जागी होती. ती मुख्य कलाकार होती, गाणं तिच्या नावाचं होतं, तिचं म्हणणं डावलणं अवघड होतं. प्रत्येक वेळी अशी योगायोगाची सोय असणार नाही. तिथे सल्लागार नेमायला हवा, आणि त्याला नुसतं मानधन देऊन भागणार नाही. सेट उभा राहण्याआधी, आराखडा कागदावर असतानाच त्याला दाखवला गेला पाहिजे. एखादी वस्तू नको म्हटल्यावर ती खरोखर निघाली पाहिजे. आणि व्हिडिओखालच्या नामावलीत, जिथे केशभूषेपासून प्रकाशयोजनेपर्यंत सगळ्यांची नावं असतात, तिथे त्याचंही नाव असलं पाहिजे, म्हणजे चुकलं तर विचारायला माणूस असेल. भारतीय चाहत्यांनी जून २०२० मध्ये जेवढे ईमेल पाठवले तेवढेच या तीन मागण्यांसाठी पाठवले, तर मला वाटतं सोलमध्ये ते वाचले जातील. हानबोकच्या वेळी त्या कंपनीने यातलं बरंचसं आपणहून केलेलंच आहे.